ओंजळचे वडील

काकाजी पत्र हातात देण्याआधी माणसाला त्याच्या नावाचा अर्थ विचारत. मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात, आमच्या भागात, त्यांनी तीसेक वर्षं डाक वाटली. खाकी पिशवी, साखळीतून आवाज करणारी सायकल, आणि दारात उभं राहून एकच प्रश्न : "नाव तं समजलं, पन त्याचा अर्थ काय हाय?"

मी दुसरीत असेन. मी म्हटलं, मला नाही माहीत. तेव्हा ते पायरीवर बसले. "सीमा म्हंजे कुठं थांबाचं हे जिले समजते ते. लय कमी लोकायले समजते." त्यानंतर वर्षभर मी भांडताना मध्येच थांबत असे.

नावात अर्थ नसला तर ते तो शोधून देत. आमच्या मागच्या गल्लीत धोंडाबाई म्हणून एक म्हातारी राहायची. आपलं नाव सांगताना तोंडाला पदर लावायची. एकदा मुलाचं पत्र वाचून दाखवल्यावर काकाजी तिला म्हणाले, "आजी, जाम नदीले पूर असला का पाय टेकवाले धोंडाच कामी येते. मंग लाजून काहून राहिली?" पुढच्या खेपेला म्हातारीने पदर तोंडाशी नेला नाही.

त्यांना एकच मुलगी, माझ्याच वयाची, माझी मैत्रीण. ती वेळेआधी जन्मली. डॉक्टरांनी काही सांगता येत नाही म्हटलं. नर्सने तिला काकाजींच्या हातांवर ठेवलं तर ती दोन तळव्यांत मावली. बारा दिवस त्यांना दुसरं काही करता आलं नाही, नुसते दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून राहिले. पोरगी जगली. बारशाला सौसरहून त्यांची बहीण आली. भावाने कानात सांगितलेलं नाव ऐकून ती पाळण्याजवळच थबकली. "ओंजळ? हे कोनतं नाव बाप्पा?" काकाजींनी दोन्ही तळवे जुळवून पुढे धरले आणि म्हणाले, "एवढी होती." मग आत्याने ते नाव बाळाच्या कानात सांगितलं.

शाळेत नाव घालायला मात्र काकू गेल्या होत्या. काकाजी त्या दिवशी कामावर होते. हेडमास्तर बाहेरगावचे. ते म्हणाले, "ओंजल? ऐसा कोई नाम होता है क्या? अंजली होगा." आणि त्यांनी अंजली लिहून टाकलं. काकाजींना कळलं तेव्हा रजिस्टरवर सही-शिक्का झाला होता. ते अर्ज देत राहिले. पाचवीत दिला, आठवीत दिला. प्रत्येक वेळी पुढच्या वर्षी बघू असं उत्तर मिळे. दहावीची मार्कशीट अंजली नावाने आली, तेव्हा पोरगी जिल्ह्यात वरच्या नंबरात होती आणि काकाजी पेढे वाटताना कुणाशी धड बोलत नव्हते. पुढे आधार कार्ड निघालं तेव्हा ते स्वतः तिच्यासोबत गेले आणि मशीनवरच्या पोराकडून एकेक अक्षर वाचून घेतलं. एका कागदावर तरी तिचं नाव तिचं राहिलं.

तोच कागद आडवा आला. काकू वारल्या त्याच्या पुढल्या वर्षी ओंजळची मास्तरीणबाईच्या नोकरीसाठी निवड झाली. कागद तपासणाऱ्या साहेबांनी दोन नावं पाहून फाइल बाजूला ठेवली. "आठ दिन में एक करके लाइए, नहीं तो सीट गई." मार्कशीट बदलायची मुदत कधीच संपली होती. बदलायचं होतं ते आधारच.

टायपिस्टकडे आम्ही तिघं गेलो. त्याने शपथपत्र काढून काकाजींच्या हातात दिलं. मेरी पुत्री का सही नाम अंजली है, ओंजळ नाम भूलवश दर्ज हुआ, असं त्यात लिहिलं होतं. काकाजींनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी विचारलं, "यह भूलवश निकाल सकते क्या?"

"काका, वो तो लिखना ही पड़ता है."

ओंजळ म्हणाली, "बाबा, राहू द्या. नोकरी दुसरी भेटन."

"नाई भेटत," ते म्हणाले, आणि सही केली. तीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या घेतलेला माणूस, पण त्या दिवशी त्यांची सही ओळीच्या खाली उतरली.

ओंजळला मोहगावच्या बाजूची शाळा मिळाली. पोरं तिला अंजली मॅडम म्हणू लागली. काकाजींनी लोकांना अर्थ विचारणं सोडलं. मला मुलगी झाली तेव्हा मी नावांची यादी घेऊन मुद्दाम त्यांच्याकडे गेले. वाटलं, खुलतील. त्यांनी प्रत्येक नाव माझ्याकडून हिंदीत आणि इंग्रजीत लिहून घेतलं आणि रियावर बोट ठेवलं. "हे ठेव. कोनालेच चुकता येनार नाई."

"पण काकाजी, अर्थ?"

"अर्थ तू घरी सांगत राह्य तिले. कागदाले कायले सांगाचा?"

मला त्यांच्याशी वाद घालता आला असता. मी घातला नाही. मुलीचं नाव रिया ठेवलं.

गेल्या उन्हाळ्यात काकाजी झोपेतच गेले. मृत्यूचा दाखला काढायला मी ओंजळसोबत गेले होते. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "आप कौन? नाम?"

"बेटी. अंजली," ती म्हणाली. जराही अडखळली नाही. मी मागे उभी होते.

दाखला घेऊन आम्ही बाहेर आलो. ती कागद घडी करून पर्समध्ये ठेवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता मले त्या नावानं हाक मारनारी तूच राहिली."

तेव्हापासून मी तिला रोज फोन करते. काम नसलं तरी करते.