भाऊजी आणि नवं व्हर्जन

सॉफ्टवेअरच्या नव्या व्हर्जनसोबत ज्या लांबलचक रिलीज नोट्स येतात, त्या पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच आहे, तो दिग्रसला राहतो आणि माझ्या मावसबहिणीचा नवरा आहे. त्या नोट्समध्ये काय बदललं, काय दुरुस्त झालं, काय काढून टाकलं हे सगळं बारीक अक्षरांत दिलेलं असतं. आपण सगळे न वाचताच 'मान्य आहे' वर बोट ठेवून मोकळे होतो. लिहिणाऱ्यांनी तरी त्या पुन्हा वाचल्या असतील का, याची मला शंका आहे. भाऊजी मात्र त्या कचेरीतल्या खडखड वाजणाऱ्या जुन्या प्रिंटरवर छापून घेत, लाल पेन्सिल कानावर ठेवत आणि रोज सकाळी चहासोबत, लोक पेपर वाचतात तशा वाचत. आपल्या मशीनवर जे सॉफ्टवेअर आहे तेवढंच वाचावं अशी कोत्या मनाची वृत्ती त्यांच्याकडे नव्हती. दिग्रसमध्ये जे कधीच येणार नाही, ज्याला लागणारं यंत्रच आमच्या जिल्ह्यात नाही, अशा डेटाबेसच्या आणि क्लाउडच्या नोट्सही ते तेवढ्याच आस्थेनं वाचत. का, असं विचारलं तर म्हणत, "मास्तर, काय नवीन आलं ते मानसाले माहीत असा लागते का नाई?" मी शाळेत भूगोल शिकवतो. न पाहिलेल्या नद्यांची लांबी पोरांकडून पाठ करून घेतो, त्यामुळे मान डोलावली.

नोकरीनं ते कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये कॉम्प्युटर सांभाळत. गावाकडून कापूस आला की फाटकातल्या मोठ्या काट्यावर गाडी उभी राहायची, वजन आतल्या पडद्यावर उमटायचं आणि शेतकऱ्याच्या हाती वजनाची छापील काटापट्टी पडायची. हे सगळं ज्या सर्व्हरवर चालायचं तो एका लहानशा खोलीत होता. अख्ख्या जिनिंगमध्ये थंड हवेचं यंत्र तेवढ्याच खोलीत होतं, मालक शेठजींच्याही खोलीत नव्हतं. भाऊजी चप्पल बाहेर काढून आत जात. घरी चार एकर शेत होतं, ताई, म्हणजे माझी मावसबहीण, जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीला होती, त्यामुळे घर त्या पगारावर अडलेलं नव्हतं. पण ती खोली हेच भाऊजींचं सगळं वैभव होतं.

एकदा माझ्या पुतणीला पाहायला पुण्याहून आयटीतला मुलगा आला. घरातल्या इतरांनी शिक्षण, पत्रिका, फ्लॅट वगैरे विचारलं. भाऊजी पोह्यांची बशी संपेपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, "तुमच्या कंपनीत डेटाबेस कोन्त्या व्हर्जनवर हाय?" मुलानं सांगितलं. "मंग त्यातली जुनी बॅकअपची सोय काढून टाकली, ते तुमाले कसं वाटलं?" मुलाला काहीच वाटलेलं नव्हतं, कारण ती सोय होती हेच त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं पाणी मागितलं. पाहुणे गेल्यावर सगळे भाऊजींच्या तोंडाकडे पाहू लागले, तेव्हा त्यांनी निकाल दिला, "पोरगा चांगला हाय. पन वाचत नाई." लग्न झालं, संसार उत्तम चाललाय, पण अजूनही भाऊजी समोर आले की तो जावई हात धुवायला उठतो.

नोट्समध्ये शेवटी काढून टाकलेल्या गोष्टींची यादी असते, ती त्यांच्या जिव्हाळ्याची. एका संध्याकाळी जेवताना ते घास तसाच ठेवून म्हणाले, "आज एक जुनी गेली." ताईनं भाकरीचा हात थांबवला आणि विचारलं, "आता वं माय, कोन? कवा नेनार हाय?" भाऊजींनी शांतपणे सांगितलं की फाइली दाबून लहान करायची ती पद्धत, सतरा वर्षं इमानानं चालली, आता पुढच्या व्हर्जनपासून नाही. ताई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मला विचाराल तर त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं.

एवढं वाचणारा माणूस नवं व्हर्जन आल्या आल्या टाकून मोकळा होत असेल असं कोणालाही वाटेल. तसं मुळीच नव्हतं. खोलीच्या कोपऱ्यात एक म्हातारा कॉम्प्युटर होता, त्याला ते 'धुरा' म्हणत. आमच्याकडे नवं बियाणं आलं की जाणता शेतकरी सगळं वावर त्याच्या हवाली करत नाही, आधी धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधाकडच्या, दोन ओळी लावून पाहतो. भाऊजी नवं व्हर्जन आधी धुऱ्यावर लावत आणि पीक पाहावं तसं महिनाभर पाहत. शेतातही त्यांचं असंच. बियाण्याच्या पाकिटावरचा मजकूर ते भिंग घेऊन वाचत. बोंडअळीच्या त्या वर्षी सगळ्यांचा कापूस गेला तसा त्यांचाही गेला, तेव्हा ते पाकीट पुन्हा काढून बसले होते. "मास्तर," मला म्हणाले, "दोन्हीकून वाचलं. अळी कुठीच लिवली नोती." त्यांच्या आवाजात राग नव्हता, बुचकळ्यात पडल्यासारखे दिसत होते.

त्या वर्षांत कापूस कमी येऊ लागला, जिनिंग चार महिन्यांवरून दोन महिन्यांवर आली. शेठजींचा मुलगा, छोटे शेठ, नागपूरला राहायचा, त्यानं कारभार हाती घेतला आणि ठरवलं की सर्व्हर नको, काट्याचं सगळं काम क्लाउडवर न्यायचं. यंत्र दुसऱ्याचं, कुठल्यातरी मोठ्या शहरात, आपण नुसतं इंटरनेटवरून वापरायचं. ताईच्या लगेच लक्षात आलं. मला बोलावून म्हणाली, "सर्व्हर गेला तं खोली गेली, अन खोली गेली तं हे कोठी बसतीन? घरी बसले तं मानूस खंगून जाईन." भाऊजींना ही काळजी शिवलीही नव्हती. दहा वर्षं ज्याच्याबद्दल वाचलं ते प्रत्यक्ष दारात येणार म्हणून ते हरखून गेले होते. क्लाउडवरचं व्हर्जन आपोआप बदलतं, कोणाला विचारत नाही, हे कळल्यावर तर त्यांनी मला रस्त्यात थांबवून सांगितलं. मी म्हटलं, मग तुमच्या धुऱ्याचं काय? त्याचीही सोय होती. गिऱ्हाइकांना नवं व्हर्जन काही दिवस आधी चाखून पाहायला मिळत होतं, ते धुऱ्यावर लावता येत होतं.

हंगामाच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे काटापूजन असतं. काट्याला हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात, पहिली गाडी आणणाऱ्या शेतकऱ्याला टोपी-दुपट्टा देतात. त्या वर्षी क्लाउडचा मुहूर्तही छोट्या शेठनी तोच धरला होता. मला ताईनं मुद्दाम पाठवलं होतं. पहिला मान शेजारच्या गावच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा होता. त्यांची बंडी, म्हणजे बैलगाडी, काट्यावर चढली, बैलांच्या शिंगांना गोंडे होते, भटजींनी मंत्र म्हटले आणि काट्यावरच्या बाईंनी वजन घेतलं. पडद्यावर लाल ओळ आली. त्याच सकाळी नवं व्हर्जन आपोआप लागलं होतं आणि आता त्याला गाडीचा नंबर हवा होता. नंबराशिवाय ते वजनच मानेना.

बैलबंडीला कुठला आलाय नंबर. बाईंनी 'बंडी' असं लिहून पाहिलं, लाल ओळ हलली नाही. मागं फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत रांग लागली होती. कोणीतरी सुचवलं, शेठजींच्या मोटारीचा नंबर टाका. "मोटारीत आठ क्विंटल कापूस आला म्हनून लिवता काय?" भाऊजी म्हणाले. "खोटी नोंद कायले?" मग त्यांनी बगलेतले नोट्सचे कागद काढले. ही गोष्ट त्यांना धुऱ्यावर दोन दिवस आधीच सापडली होती. छोट्या शेठना त्यांनी ती सांगितलीही होती आणि छोट्या शेठनी मोबाइलमधून मान वर न करता 'हो हो' म्हटलं होतं. विनानंबराची वाहनं चालवून घ्यायची एक सोय होती, पण नवं व्हर्जन लागल्याशिवाय ती चालू करता येत नव्हती. भाऊजींनी चप्पल काढली, खुर्चीवर बसले, चार ठिकाणी बोट ठेवलं आणि काटापट्टी बाहेर आली. नारळ फुटला. म्हाताऱ्यांनी टोपी नीट बसवत भाऊजींना विचारलं, "बैलाईले काऊन अडवलं होतं जी?" भाऊजी म्हणाले, "बैलाईले नाई बाबा. कागद नोता पुरा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, मला अभिमान वाटला, आता या माणसाला कोण हलवतो असंही वाटलं. तेवढ्यात छोटे शेठ अगदी कौतुकानं म्हणाले, "काका, हे आत्ता तुम्ही केलं, ते मला नागपूरला बसून करता आलं असतं का?"

भाऊजींनी पान उलटलं. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. ते 'नाही' म्हणाले असते तर तिथल्या एकाही माणसाला पडताळता आलं नसतं. नुसतं 'पाहून सांगतो' म्हणाले असते तरी एक हंगाम निघाला असता. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होतो. "येते," भाऊजी म्हणाले. "पान अकरा. कोठूनई करता येते." आणि मग, कोणी विचारलं नसताना, पुढची ओळही वाचली, कारण मध्येच थांबायची त्यांना सवय नव्हती. "यापुढे कामाच्या जागी वेगळा मानूस ठेवाची गरज नाई."

घरी ताई रडली नाही, चिडली. "एक ओळ गाळली असती तं काय बिघडलं असतं?" "मंग ते वाचनं कायचं?" भाऊजी म्हणाले, अगदी मनापासून. होळीनंतर छोट्या शेठनी त्यांना निरोपाची शाल दिली, चांगलं बोलले. थंड हवेचं यंत्र काढून नेलं आणि खोलीत सरकीची पोती लागली.

गंमत अशी की क्लाउडच्या दफ्तरी सांभाळणारा म्हणून नाव भाऊजींचंच राहिलं. ते बदलायचं कोणाला सुचलं नाही. त्यामुळे नोट्स त्यांच्याच मेलवर येत राहिल्या. भाऊजी त्या वाचत आणि काट्यावरच्या बाईंना फोन करत, "सोमवारपासून वजनाची चौकट डाव्या हाताले जाईन, घाबरू नोका." बाई ऐकून घेत. ताईला बरं वाटायचं, मलाही वाटायचं. माणूस खंगला नव्हता.

मग एकदा त्यांच्या वाचनात आलं की काम सोडून गेलेल्या माणसाचं नाव ताबडतोब काढावं, नाहीतर ते धोक्याचं असतं. त्यांनी तिथल्या तिथं नागपूरला फोन लावला. छोट्या शेठना नाव कसं काढायचं ते येत नव्हतं. मी समोरच बसलो होतो. भाऊजी एक-एक पायरी सांगत होते. वरच्या कोपऱ्यात जा. यादी उघडा. माझ्या नावापुढे तीन टिंबं दिसतीन. आता ते विचारीन, नक्की काढायचं का, म्हनून. हो म्हना. मग त्यांनी विचारलं, "गेलं काय? बरं झालं."

बाकीच्या जगाच्या नोट्स ते अजूनही वाचतात, त्या कोणालाही वाचता येतात. काट्याच्या तेवढ्या फक्त गिऱ्हाइकांनाच दिसतात. परवा पोळ्याला त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. जेवण झाल्यावर ओट्यावर बसलो. जिनिंगच्या बाजूनं काहीच आवाज नव्हता, अजून हंगामाला अवकाश होता.

"मास्तर," ते म्हणाले, "काट्याचं नवीन व्हर्जन आलं असन आता. काय असन हो त्यात?"

मला माहीत नव्हतं. आणि त्या जिनिंगमध्ये ज्यांच्याकडे ते येतं, त्यांनाही माहीत नसणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.