आवळलेला क्लच

जळालेल्या क्लचचा वास आठवला तरी मला आजही किळस येते. करपलेला, घशाला चिकटून बसणारा वास. पण त्याहून जास्त किळस येते ती मी तेव्हा पुन्हापुन्हा म्हटलेल्या "सॉरी"ची.

चाळिशी उलटल्यावर मी गाडी शिकले, ती आईसाठी. आई सायखेड्याला, गुडघे गेलेले, एसटीची पायरी चढवत नाही. तिने गल्लीभर सांगून ठेवलं होतं, "माझी लेक स्वतः गाडी चालवत येणार, मला नाशिकला नेणार."

आणि मला द्वारकेचा उड्डाणपूल चढता येईना! अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी पुढे ओढायचीच नाही. मागून हॉर्नवर हॉर्न. शेजारून आमचे हे ओरडायचे, "क्लचवरचा पाय काढ! हाफ क्लचवर प्लेट जाळलीस!" पाय उचललाय हो, मी शपथेवर सांगायचे. त्यावर यांचं ठरलेलं, "नाचता येईना, अंगण वाकडं."

प्लेट बदलली. चार महिन्यांत दुसरीही जळाली, तीही बदलली. मग काय, नातेवाइकांच्या पंगतीत माझाच किस्सा. मीही हसायचे. शी! शेवटी किल्ली खुंटीला टांगली आणि आईला फोनवर थापा मारत राहिले. तब्बल दीड वर्ष.

यंदा तो पूल यांनाही चढवेना, तेव्हा आम्ही दोघं गॅरेजात गेलो. म्हाताऱ्या मेकॅनिकने हाताने पेडल दाबून पाहिलं.

"याला प्लेच नाय, ताई. मी बसवताना बोटभर ढिलं सोडलं होतं. ते नसलं की पाय उचलला तरी क्लच पूर्ण बसत नाय, प्लेट घासून जळते. केबल कोणी आवळली?"

मी यांच्याकडे बघितलं. अंबडच्या कारखान्यात फिटर. ढिलं काही दिसलं की यांचे हात शिवशिवतात; आमच्या कुकरच्या दांड्याचीसुद्धा सुटका नाही. गॅरेजातून गाडी आली की दर वेळी पाना घेऊन बॉनेटमध्ये डोकं घालायचे, "हे लोक कामं अर्धवट सोडतात" म्हणत. शेजारी टॉर्च धरून मी उभी. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते वाकडं करायला उजेड मीच दाखवत होते!

नवी प्लेट बसली, केबल ढिली झाली. मेकॅनिकने किल्ली यांच्यापुढे धरली, ती मी घेतली.

पूल गाडीने असा सहज चढला की मला रडूच फुटलं. उतारावर हे खुशीत म्हणाले, "बघ, माझं ऐकून पाय उचललास. आलं की नाही जमायला?"

अंगावर पाल पडावी तसं झालं मला. पूल संपल्यावर गाडी कडेला घेतली, न्यूट्रल केली.

"उतरा."

"इथे? अगं, मी घरी कसा जाऊ?"

"रिक्षाने. माझी आई दीड वर्ष थांबलीय."