शेजारी कोण होतं?

अक्काला शेवटचं भेटलो तेव्हा खोलीत तिच्याभोवती सात माणसं होती, मी आठवा. नेमकं सांगता येतं, कारण तिनंच मोजायला लावलं. कशी आहेस, असं मी विचारलं. "बरी हाय," ती हसून म्हणाली. "खोलीत किती जणं हायत, मोज बघू." मी मोजून आकडा सांगितला. तिनं नुसती मान हलवली... रामनगरहून जोयड्याच्या बसमध्ये बसल्यावर मला अर्थ कळला. रविवारी एकट्यानं जाऊन पुन्हा विचारायचं ठरवलं. शुक्रवारी सकाळी भाच्याचा फोन आला.

अक्का माझी थोरली मावसबहीण. कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. एका वर्षी तिला आमच्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांना एकटं वाटतं का, ते पाहायचं होतं. मी आकड्यांत पक्का म्हणून प्रश्नावल्या माझ्याकडे दिल्या. महिनाभर फिरून मी बेचाळीस भरल्या. एक रकाना रिकामा सोडला नाही. एकेचाळीस जण सुखात. बेरीज दोनदा तपासून तिच्यापुढे ठेवली. तिनं बेरीज पाहिलीच नाही. विचारताना शेजारी कोण होतं, एवढंच विचारलं.

कोण असणार? आमच्याकडे पाहुणा आला की सगळं घर भोवती बसतं. "सून चहा घेऊन उभी असताना सासू दुसरं काय सांगणार रे?" अक्का म्हणाली. फक्त एका आजींनी 'करमत न्हाई' म्हटलं होतं. त्यांच्या घरची सगळी त्या दिवशी भात लावायला गेली होती.

महिन्याची पायपीट वाया गेली म्हणून मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच आली, मला घेऊन पुन्हा घरोघरी फिरली. परसात म्हातारीजवळ बसून शेंगा सोलत हळूहळू विचारायची. माझं काम एकच, घरच्यांना पुढच्या अंगणात बोलण्यात गुंतवायचं. त्या वेळी किती माणसं परसात रडली, हे मला नंतर कळलं. नव्या कागदांवर तिनं वरच एक ओळ वाढवली होती: शेजारी कोण होतं?

दिवसकार्य झाल्यावर भाच्यानं तिच्या कपाटातला गठ्ठा आणून दिला. माझे बेचाळीस कागद तिनं टाकले नव्हते. वर तिच्या अक्षरात लिहिलं होतं, 'विचारणाऱ्याला मी नीट सांगितलं नव्हतं. चूक माझी.'

तळाशी नव्यातला एक कोरा कागद निघाला. त्यावर मी अक्काचं नाव लिहिलं. शेजारी कोण होतं? सात जण. उत्तराच्या रकान्यात 'बरी हाय' लिहायला पेन टेकवलं, आणि उचललं. तो रकाना रिकामा आहे.