नोराच्या जागेवर

मॉरीनचा फोन आला तेव्हा मी इंग्लंडमधल्या स्लाऊच्या सुपरमार्केटमध्ये सेल्फ-चेकआऊटशी भांडत होते. "मेग, आई गेली गं. सकाळी, झोपेतच." फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. मॉरीनची आई नोरा ही माझी शेजारीण. वय चौऱ्याऐंशी, गाव आयर्लंडमधलं मेयो, तरुणपणी नर्स म्हणून इथे आली ती इथलीच झाली. पंधरा वर्षं आम्हा दोघींच्या मध्ये फक्त एक लाकडी कुंपण होतं. माझ्या मराठी नावाचं 'मेग' तिनेच केलं. मला रडू आलं, खरंच आलं. पण त्याच्या आधी, जेमतेम अर्धा सेकंद, एक विचार मनात येऊन गेला आणि तो आज कबूल करून टाकते. सतरा मार्च, आयरिश लोकांच्या संत पॅट्रिकचा सण, तीन आठवड्यांवर आलाय, आता पॅट्रिकची गोष्ट कोण सांगणार? आणि पाठोपाठ उत्तर... मीच की!

मला गोष्ट सांगायला आवडतं असं म्हणणं म्हणजे माशाला पाणी बरं वाटतं म्हणण्यासारखं आहे. पुण्यात होते तेव्हा लग्नातल्या पंगतीसुद्धा माझ्यामुळे लांबायच्या. इथल्या मराठी मंडळात वर्षानुवर्षं निवेदन माझ्याकडेच. तेव्हा स्लाऊमध्ये आपल्या तोडीचं कुणी नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती नोराने पहिल्याच मार्चमध्ये मोडली. त्या सकाळी ती घाईघाईने बाहेर पडत होती आणि मी कुंपणावरून, फार माहितगार असल्याच्या थाटात, विचारलं, "काय नोरा, आज पार्टी ना? हिरवी बिअर?" ती थांबली. "पार्टी? मी चर्चला निघालेय, लव्ह. माझ्या लहानपणी आज पब बंद असायचे. बाबा दिवसभर तोंड वाकडं करून बसायचे." मग चर्चला उशीर करून तिने मला तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पॅट्रिक मुळात आयरिश नव्हताच, तो इकडचा, ब्रिटनचा. सोळाव्या वर्षी आयरिश चाच्यांनी पळवून नेला, सहा वर्षं परक्या डोंगरावर मेंढ्या राखल्या, पळून घरी आला आणि मग आपल्या पायांनी त्याच लोकांकडे परत गेला. "त्याला पळवणाऱ्यांचाच तो संत झाला. आता बोल!" तीन पानं आणि एक देठ दाखवून त्याने म्हणे तीन रूपांतला एकच देव समजावला, म्हणून छातीवर शॅमरॉकची, त्या तीनपानी रोपाची, डहाळी. त्याचा जुना रंग निळा, हिरवा मागाहून आला. आणि त्याने आयर्लंडमधून साप हाकलले ती तर थापच, कारण साप तिथे नव्हतेच कधी. मी विचारलं, "मग एवढ्या मिरवणुका कुठून आल्या?" "त्या अमेरिकेला गेलेल्यांनी काढल्या. घरी राहिलेल्यांना काय, चर्च आणि उपासाच्या दिवसांत एक दिवस पोटभर मटण, झाला सण. दूर गेलेल्यांनाच तो मोठा करून दाखवावा लागतो. मग घरच्यांनी त्यांच्याकडून उचलला."  आदल्याच वर्षी शाळेचा हॉल भाड्याने घेऊन आम्ही गणपतीला जो ढोल बडवला होता, तो माझ्या कानात वाजत होता.

त्या दुपारी ती मला चर्चमागच्या हॉलमध्ये घेऊन गेली. चहा झाला, सोडाब्रेड संपला आणि नोरा पियानोला टेकून उभी राहिली. नोट्स नाहीत, माइक नाही. साठ-सत्तर म्हातारे लोक तीच गोष्ट पन्नासाव्यांदा ऐकायला खुर्च्या पुढे ओढून बसले. ती मेंढ्यांची नक्कल करायची तेव्हा मागच्या रांगेतून उत्तर यायचं. ती थांबायची तेव्हा चमचासुद्धा वाजत नसे. मी हसत होते, टाळ्या वाजवत होते, आणि आतून नुसती जळत होते. घरी येऊन मकरंदला म्हटलं, "तीच तीच गोष्ट सांगते." तो म्हणाला, "अगं, मग तू चार तास का बसलीस?" नवऱ्यांना कधी काय विचारावं हे कळत नाही.

त्या गणपतीत मी पॅट्रिक मराठीतून सादर केला. मेंढ्यांसकट. तिसऱ्या मिनिटाला पहिल्या रांगेतल्या कुलकर्णीकाकू शेजारणीला म्हणाल्या, "छान आहे हो, पण प्रसाद कधी?" आणि वर कहर म्हणजे, आमंत्रण दिलं म्हणून आलेल्या नोराने आभाराचे दोन शब्द बोलायला माइक घेतला आणि गणपती उंदरावरून पडला, चंद्र हसला, ती गोष्ट सांगितली. मीच तिला आठवड्यापूर्वी कुंपणावर सांगितलेली! अख्खा हॉल हसून लोळला. कुलकर्णीकाकूंनी डोळे पुसले. प्रसाद कुणाला आठवला नाही.

पण खरा तमाशा झाला तो मेथीच्या वर्षी. मेयोहून नोराची बहीण दरवर्षी ओल्या कापसात गुंडाळून शॅमरॉक पाठवायची. त्या वर्षी पार्सल आलंच नाही. सोळा तारखेला नोरा कुंपणाशी आली, चेहरा पांढरा. "साठ माणसं आहेत मेग. आणि सगळ्यात म्हाताऱ्याला पहिली डहाळी लावायची असते. मी काय लावू, पार्स्ली?" मी आत गेले आणि फ्रीजमधून मेथीची जुडी आणली. तीन पानं, एक देठ! आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात बसून साठ डहाळ्या खुडल्या, टाचण्या लावल्या. दुसऱ्या दिवशी अख्ख्या हॉलला थालीपिठाचा वास. फादरना दोनदा स्वतःची छाती हुंगताना मी पाहिलं. मी पियानोजवळच बसले होते, साडी नीट करून, कारण आता नोरा माझं नाव घेणार आणि मला उभं राहावं लागणार. ती म्हणाली, "यंदाचा शॅमरॉक जरा वेगळ्या मातीतला आहे." बस. एवढंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या... तिच्यासाठी.

महिनाभर मी कुंपणाकडे फिरकले नाही. शेवटी तिनेच हाक मारली. "रागावलीस?" मी म्हटलं, "हो. मेथी माझी होती." ती म्हणाली, "तुझं नाव घेतलं असतं तर त्यांनी तुला बोलायला उभं केलं असतं. तुला बोलताना ऐकलंय मी, मेग. मग माझं कुणी ऐकलं असतं?" मी तिच्याकडे बघतच राहिले. ही बाई माझ्यावर जळते! पंधरा वर्षांत इतकी सुंदर गोष्ट मला कुणी सांगितली नाही. त्या दिवसापासून आमची खरी मैत्री झाली. एकमेकींच्या गोष्टी आम्ही उघडउघड चोरू लागलो आणि दुसरीची कशी फसली ते ऐकायला टपून बसू लागलो.

आणि यंदा मॉरीनने विचारलं, "तू सांगशील?" मी लाजल्याचं नाटक केलं. नाटक मला जमतं. पियानोला टेकून उभी राहिले. चाचे आले, मेंढ्या आल्या, मागच्या रांगेतून उत्तर आलं. न आलेल्या सापांवर तर लोक असे हसले की एका आजोबांना पाणी द्यावं लागलं. खोटं कशाला बोलू, नोरापेक्षा चांगलं झालं. टाळ्या थांबेनात, आणि त्या टाळ्यांत मी सारखी पहिल्या रांगेकडे बघत होते. कुणीतरी ओठ मुडपून, नाइलाजाने, सगळ्यांच्या नंतर टाळी वाजवावी म्हणून. सगळे मनापासून वाजवत होते. एवढं कौतुक आणि कुणाचा जळफळाट नाही... मी चहाचा कप तसाच पियानोवर ठेवून दिला.

गेल्या रविवारी मॉरीन घर आवरत होती. म्हणाली, "आईची एखादी वस्तू ने." मागच्या दारावर नोराचा बाटलीहिरवा कोट टांगलेला होता. कॉलरवर शॅमरॉकच्या टाचण्या तशाच, ओळीने. दर वर्षीची एक, काढायचा कंटाळा म्हणे. काही गंजलेल्या, टोकाची अजून चकाकणारी. मी तो अंगात घातला. खांदे उतरले, बाह्या बोटांच्या खाली गेल्या, खालची कड पावलांना लागली. मॉरीन हसून म्हणाली, "कापून बेतून घे की." मी आरशात पाहिलं. छे, कापते कसली! तशीच दोन्ही हातांनी कोट उचलून धरत, अडखळत, घरी आले.