खडूनं लिहिलेलं ‘घर बंद’

पाणीपट्टी बदलणार हे मला पहिल्यांदा कळलं ते रिक्षावरच्या भोंग्यातून. सकाळचे दहा वाजले असतील. मी ओट्यापाशी उभी राहून डब्यांची झाकणं लावत होते आणि रिक्षा गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. घरगुती आणि व्यावसायिक वापराची पट्टी आता नव्यानं ठरणार, त्यासाठी माणसं घरोघर येणार, नागरिकांनी सहकार्य करावं, असं काहीबाही चाललं होतं. निम्मं ऐकू येत नव्हतं. पण एक वाक्य अगदी स्वच्छ कानात शिरलं. घरगुती नळाचा धंद्यासाठी वापर आढळल्यास नळजोडणी तोडण्यात येईल.

झाकण हातातच राहिलं.

नवरा गेल्यापासून मी डबे करते. साजगावच्या कारखान्यांत कामाला असलेली, घरदार लांब ठेवून आलेली माणसं आहेत, त्यांचे बावीस डबे. रोज एक टेंपोवाला येऊन घेऊन जातो. त्या बावीस डब्यांवर मी आणि माझ्या सासूबाई, अशा दोघी जगतो. तांदूळ धुणं, भाजी धुणं, पातेली, परात, रिकामे डबे, सगळं त्याच एका नळावर. तो नळ घरगुती. मी कधी कुणाला विचारलं नव्हतं, कारण विचारायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. नळ गेला की डबे गेले, एवढा हिशोब मला जागच्या जागी कळला.

त्यात शेजारीण आली. तिचं घरातच ब्युटी पार्लर आहे, बाहेर छोटी पाटी लावलेली. ती पाटी काढून काखेत मारूनच आली होती.

“ऐकलंस ना? वरच्या आळीत एकीला मागच्या पाच वर्षांचा दंड लावलाय म्हणे.”

“कुणाला गं?”

“ते नाही माहीत. पण लावलाय. तू एक कर. ते आले की दाराला बाहेरून कुलूप घाल आणि मागच्या दारानं आत जाऊन बस. घर बंद असलं की ते तसं लिहितात आणि पुढं जातात. परत कोण येतंय?”

कुणी सांगितलं, कुठं ऐकलं, काही विचारलं नाही मी. भ्यायलेल्या माणसाला कुणीही काहीही सांगावं. मी मान डोलावली.

खरी पंचाईत कुलपाची नव्हती, सासूबाईंची होती. त्यांना मी आई म्हणते. वय झालंय आणि दोनेक वर्षांपासून विसरायला लागल्यात. जेवल्या की नाही ते आठवत नाही. कधी मला त्यांची धाकटी बहीण समजतात. पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यातून गेली तरी हातातून गेली नव्हती. दाराची कडी वाजली की त्या उठायच्या, तांब्या भरायच्या आणि दारात जाऊन म्हणायच्या, “आधी पानी घ्या, मंग काय ते बोला.” पोस्टमन असो, गॅसवाला असो, चुकून आलेला माणूस असो. आणि तो पाणी पितो की नाही हे त्या उभ्या राहून बघायच्या. नुसता ओठांना लावून तांब्या परत दिला तर दिवसभर तोंड फुगलेलं.

त्याला कारण होतं. त्यांचं माहेर भिवपुरीकडचं, वडील वीजघरात मजूर. त्यांच्या आईनं लहानपणी गावच्या विहिरीशी लांब उभं राहून, कुणी वरून ओतेल तेव्हा ओंजळीनं पाणी प्यायलेलं होतं. पुढं आमच्या लोकांनी धम्म घेतला, वडिलांना क्वार्टर मिळाली आणि क्वार्टरच्या नळाला सगळ्यांचेच हात लागायला लागले. तेव्हा त्या आईनं लेकीला सांगून ठेवलं होतं की आपल्या दारातून कुणी तहानेलं जाता कामा नये. सासूबाईंनी हे मला लग्न झाल्या झाल्या सांगितलं होतं, आणि मी ते पाळत आले होते. म्हणजे तोवर तरी.

आता मला दिसायला लागलं की सर्वेची माणसं येणार, आई दार उघडणार, पाणी देणार आणि वर म्हणणार, “बसा, जेवूनच जा, आज बावीस डबं हायेत.” त्या असं कुणालाही सांगायच्या. त्यांना कौतुक होतं माझं.

पुढचे पंधरा दिवस मी कशाकशाला घाबरले ते आठवलं तरी आता माझाच मला राग येतो. गटारातून जाणाऱ्या हळदीच्या पाण्याला घाबरले. फोडणीच्या वासाला घाबरले आणि खिडकी लावून स्वयंपाक करायला लागले, घामाच्या धारा लागायच्या. टेंपोवाल्याला सांगितलं, दारात येऊ नको, कोपऱ्यावर थांब. मग बावीस डबे चार पिशव्यांत घालून, वर कोथिंबिरीच्या जुड्या ठेवून कोपऱ्यापर्यंत न्यायचे, जशी काही मी दारूच विकते! मोठी पातेली कॉटखाली ढकलून वरून जुनं पातळ सोडलं. गल्लीत कुणी गळ्यात ओळखपत्र अडकवलेलं दिसलं की मी दाराआड व्हायचे, मग तो कुरिअरवाला का असेना.

आणि सगळ्याचा राग कुणावर? त्यांच्यावर. “आई, डब्यांचं कुणाजवळ बोलायचं नाही. आई, दारात जायचं नाही. आई, एकदा सांगून कळत नाही का तुम्हाला?” नव्हतंच कळत. तेच तर दुखणं होतं. त्या म्हणायच्या, “बरं गं बाय,” आणि कडी वाजली की तांब्या घेऊन उभ्या.

एका मंगळवारी साडेदहाला शेजारणीचा मिस्ड कॉल आला. ठरलेली खूण होती. आमटी उकळत होती तसाच मी गॅस बंद केला, बाहेरून कुलूप घातलं, वळसा घालून मागच्या दारानं आत शिरले आणि ते दारही आतून लावलं. आई मोरीपाशी पाटावर बसून लसूण सोलत होत्या. मी त्यांच्याजवळ खाली बसले.

“काय झालं गं?”

“काही नाही. गप्प बसायचं आपण थोडा वेळ.”

“का?”

तेवढ्यात कडी वाजली. बाहेर एक बाई होती आणि एक पुरुष. “कोणी आहे का घरात?” बाईंनी विचारलं. आईंच्या मांडीवरचा लसूण खाली सांडला, त्या उठायला लागल्या, हात तांब्याकडे गेला. मी त्यांचा दंड धरून खाली ओढलं.

“आगं, आलंय कोन तरी...”

पुढचं मी बोलू दिलं नाही. मी त्यांच्या तोंडावर हात दाबला.

बाहेर पुरुष म्हणाला, “कुलूप दिसतंय मॅडम.”

“हो ना. मघाशी तर बाई दिसल्या होत्या इथं. म्हटलं होतं, ह्या घरी जरा पाणी मागू. घसा नुसता कोरडा पडलाय.”

आईंनी ते ऐकलं. पाणी हा शब्द ऐकला आणि त्यांनी माझ्या हाताखाली जोर केला. केवढासा जीव तो, पण त्या धडपडत होत्या. त्यांचा गरम श्वास माझ्या तळव्यावर येत होता. मी हात आणखी घट्ट केला. दुसऱ्या हातानं त्यांचं डोकं माझ्या छातीशी आवळून धरलं. त्यांचे डोळे वर माझ्याकडे लागले होते आणि त्या डोळ्यांत मी कोण आहे ते त्यांना कळत नव्हतं. त्या क्षणी त्यांना भीती वाटत होती ती माझी. मला ते दिसत होतं. दिसूनही मी हात काढला नाही.

खडू खरखरल्याचा आवाज आला. मग पावलं पुढं गेली. पलीकडच्या दाराची कडी वाजली तेव्हा कुठं मी हात काढला आणि, काय सांगू, मला हसू आलं. सुटलो म्हणून हसू आलं.

मग माझ्या पायाला ओल लागली. आईंचं पातळ भिजलं होतं.

मी त्यांना उठवलं, मोरीत नेलं, पाय धुतले, कोरडं पातळ नेसवलं. त्या लहान मुलासारख्या हात वर करून उभ्या राहिल्या. निऱ्या खोचताना हळूच म्हणाल्या, “म्या काय केलं गं?”

“काही नाही केलं आई. तुम्ही काहीच केलं नाही.”

मला रडावंसं वाटत होतं, पण बाराला टेंपो येणार होता. मी आमटीखालचा गॅस पेटवला. दारावर मोठ्या अक्षरांत ‘घर बंद’ लिहिलं होतं आणि तारीख. ते मी पुसलंही नाही, असू दे म्हटलं, पुरावा आहे.

तीन आठवड्यांनी सकाळी नळाला पाणी आलं नाही. शेजारणीकडे धो धो वाहत होतं. तिनं, शहाणीनं, पाटी काढून नुसतं दार उघडं ठेवलं होतं. मी बाहेर येऊन बघते तर आमच्या नळाचा कॉक फिरवून त्याला तार गुंडाळलेली, आणि तारेला चिठ्ठी. बंद घर, वापर नाही, जोडणी तात्पुरती बंद.

ज्याला इतके दिवस भीत होते ते माझ्याच कुलपानं घडवून आणलं होतं. त्या दिवशी डबे गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून हंडे भरभरून कसेबसे दहा गेले. तिसऱ्या दिवशी सकाळीच मी पट्टीची जुनी पावती पदराला बांधून नगरपालिकेत गेले. वाटेत ठरवलं होतं, पाया पडायचं, रडायचं, पण खरं बोलायचं नाही. खिडकीपाशी गेले आणि पलीकडून आवाज आला, “बोला, काय काम आहे?” तोच आवाज. त्या दिवशी घसा कोरडा पडला होता त्या बाईंचा. सगळं ठरवलेलं विसरले आणि घडाघडा सांगून टाकलं. डबे, बावीस, कुलूप, आम्ही आत होतो, सगळं. फक्त तोंडावर हात दाबल्याचं सांगितलं नाही. ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बाई म्हणाल्या, “अहो ताई, घरात डबे, पापड, शिवण करणाऱ्यांचा वेगळा रकानाच होता आमच्याकडं. थोडी जास्त पट्टी बसते, एवढंच. जोडणी तोडायची ती गाड्या धुणाऱ्यांची, बांधकामाला पाणी विकणाऱ्यांची. भोंग्यावर होतं की सगळं.”

भोंग्यावर होतं. मी ऐकलं होतं एकच वाक्य.

“उद्या मी येते, घर बघते, रकाना भरते आणि माणूस लगेच कॉक सोडेल,” त्या म्हणाल्या. “फक्त घरी रहा हं.”

दुसऱ्या दिवशी मी खिडक्या सताड उघडल्या. पातेली कॉटखालून काढून ओट्यावर ओळीनं मांडली, बघू दे कुणाला बघायचीत ती. शेजारणीकडून आणलेल्या पाण्यातला एक तांब्या भरून, वर पेला पालथा घालून आईंच्या हाताशी ठेवला. त्या दिवशीचं त्यांच्या लक्षात नसणार, असं मी इतके दिवस स्वतःला समजावत होते. सगळंच विसरतात, तर हेही विसरल्या असतील. त्या मंगळवारनंतर दारात फारसं कुणी आलंही नव्हतं, टेंपोवाला कोपऱ्यावरच थांबत होता.

कडी वाजली. “ताई, आहात ना?”

“आले आले!” मी ओरडले. “आई, पाणी द्या, पाहुण्या आल्यात.”

आई उठल्या. तांब्या तिथंच राहिला. त्या भराभरा माझ्याकडे आल्या आणि त्यांनी त्यांचा सुरकुतलेला, लसणाचा वास येणारा हात माझ्या तोंडावर दाबला. दुसऱ्या हातानं माझं डोकं छातीशी धरायला बघत होत्या, पण मी उंच, त्यांचा हात पोचत नव्हता. डोळे दाराकडे लागलेले.

“गप गं,” त्या पुटपुटल्या. “गप ऱ्हा. पानी मागत्याल.”

मी त्यांचा हात काढून दार उघडलं. बाईंना पाणी मीच दिलं. त्या दोन पेले प्यायल्या, रकाना भरला, सही घेतली, आणि अर्ध्या तासात नळ खळखळायला लागला. आई मोरीच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून, स्वतःच्या तोंडावर हात घेऊन उभ्या होत्या. बाईंनी पाणी पूर्ण प्यायलं की नुसतं ओठाला लावलं, हे बघायला त्या आल्या नाहीत.