पलीकडचं गाव

श्रीवर्धनला आमच्या घराला लागून शेजाऱ्यांची पोफळीची वाडी आहे. दोन वर्षांपूर्वी तिथे आसामकडचा एक चाळिशीचा माणूस कामाला आला. दुपारी तो कुंपणापाशी बसून सुपारी सोलायचा आणि मी ओटीवरून त्याच्याशी बोलायची. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला, त्यामुळे बोलण्यापेक्षा सांगायचीच जास्त.

एकदा म्हटलं, "हे कोकण परशुरामाने बाण मारून समुद्राकडून मिळवलं."

"त्याच्याआधी तो आमच्याकडे आला होता, टीचर," तो म्हणाला. आईला मारल्यावर कुऱ्हाड परशुरामाच्या हातालाच चिकटून बसली. कुठल्या पाण्याने सुटेना. शेवटी ब्रह्मकुंडात बुडी मारली तेव्हा सुटली. मग त्याच कुऱ्हाडीने डोंगर फोडून त्याने ते पाणी खाली माणसांकडे आणलं. "तोच आमचा ब्रह्मपुत्र."

"ब्रह्मपुत्रा," मी दुरुस्त केलं.

"नाही, तो पुरुष आहे. पुत्र ना?"

तो हसला. सोबत सोलायला बसलेल्या बायकाही हसल्या. मला ते लागलं. माझ्या विषयात मला आजवर कुणी दुरुस्त केलं नव्हतं.

पावसाळ्यानंतर गावात बाहेरच्या कामगारांची चौकशी सुरू झाली. शेजारी त्याचं ओळखपत्र घेऊन माझ्याकडे आले. तो पायरीखाली उभा.

"कार्डं काय, हल्ली कसलीही मिळतात," शेजारी म्हणाले. "बाई, तुम्ही सांगा. हे गाव आपल्यातलं की बांगलादेशातलं?"

"आपल्यातलंच," तो म्हणाला. "पण आता तिथे काही नाही. नदीने नेलं."

मी जुना नकाशासंग्रह काढला. ब्रह्मपुत्रा तिबेटातून येते, आसामातून वाहते, धुबरीच्या पुढे बांगलादेशात शिरते आणि जमुना होते, हे सगळं मला पाठ होतं. त्याच्या गावाचं नाव मात्र नकाशात नव्हतं. 'मला माहीत नाही' एवढंच म्हणायचं होतं. ते मला म्हणवेना. मी सीमेच्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "बहुधा पलीकडचं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दिघीहून आगरदांड्याच्या बोटीत बसून गेला, असं कानावर आलं.

यंदा उन्हाळ्यात मी मोबाइलवर ते नाव शोधलं. सीमेच्या अलीकडे, काठावर, त्या नावाची एक शाळा अजून होती. आठ दिवस मी कुणाला काही बोलले नाही. मग शेजाऱ्यांकडे गेले.

"माझी चूक झाली. ते गाव इकडचंच होतं. त्याला बोलावून घ्या."

"त्याचा फोन लागत नाही, बाई. दिवाळीत लावून बघितला होता मी." मग म्हणाले, "तुम्ही सांगितलंत, म्हणून मी पुढे कुणाला विचारलंच नाही."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. चहा ठेवते म्हणाल्या वहिनी, पण मला तिथे बसवेना.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "कशाला गेली होतीस?"

"सहज," मी म्हटलं.