चंद्रमतीचा मेटलचा तास

चंद्रमती तंजावूरच्या एका प्रयोगशाळेत रक्त तपासायची आणि दर शनिवारी संध्याकाळी धाकट्या भावाबरोबर, विश्वेशबरोबर, गावच्या छोट्या रेडिओ केंद्रावर तमिळमधून हेवी मेटल संगीताचा तास चालवायची. पन्नाशी जवळ आली होती, पण बँडांच्या बाबतीत ती कुणाला सवलत द्यायची नाही. ब्लॅक सॅबथ हा मेटल बँड, लेड झेपेलिन नव्हे, विषय संपला. विश्वेशला वाटे, ऐकणारे वाढायला हवेत, थोडं सैल सोडावं.

त्या शनिवारी त्याने तिला न विचारता बॉन जोवी या बँडचं गाणं लावलं. गाणं संपताच चंद्रमतीने माइकवर, तमिळमध्येच, शांतपणे सांगितलं की हे चुकून लागलं, हे हार्ड रॉक आहे, मेटल नव्हे. विश्वेश म्हणाला, आपल्या तरुणपणी कॅसेटच्या दुकानात हे मेटलच्याच कप्प्यात मिळायचं. ती म्हणाली, दुकानदाराला विचारून मेटल ठरत नाही. गिटारचा आवाज चढवला म्हणून प्रेमगीताला वजन येत नाही.

शब्दाने शब्द वाढला आणि दोघं नकळत घरच्या मराठीत आली. माइक चालूच होता.

"तुला कानच नाहीत," ती म्हणाली. "तिरुवैयारूच्या गुरूंनी तुला मृदंगाच्या वर्गातून घालवलं ते उगाच नव्हे."

गेली तीस वर्षं विश्वेश सगळ्यांना सांगत आला होता की नोकरीसाठी त्याने मृदंगाचं शिक्षण सोडलं. त्याचा चेहरा उतरला.

"आणि तुझी लेक अखिला चेन्नैला का गेली, अक्का? नोकरीला? तुझ्यासमोर कुणाचंच काही बरोबर नसतं म्हणून गेली ती."

केंद्राच्या व्यवस्थापकाला मराठी येत नव्हती, पण सूर कळला. त्याने घाईघाईने सिनेमाची गाणी लावली.

गावात बहुतेकांना त्यातलं काहीच समजलं नाही. राजवाड्यामागच्या गल्ल्यांतल्या जुन्या मराठी घरांत मात्र शब्द न् शब्द समजला. चंद्रमती घरी पोचायच्या आत वेंकूबाई आत्याचा फोन येऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी देवळात बायका तिच्याशी फार गोड बोलल्या, आणि तिला तेच सहन होईना.

मेटलचा तास बंद झाला. विश्वेश रस्त्यात भेटला की दुकानांकडे बघत पुढे जायचा. तीही हाक मारत नसे.

आठवड्याने अखिलाचा फोन आला. कुणीतरी तिला त्या वादाचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं. मामा खोटं बोलला नाही, एवढंच ती म्हणाली.

मुलीला काय हवंय ते चंद्रमतीला कळत होतं. माफीचे शब्द तोंडाशी आलेही.

"मामाने तो बँड लावायला नको होता," ती म्हणाली.

अखिलाने फोन ठेवला. चंद्रमतीने पुन्हा लावून पाहिला. पलीकडून कुणी उचलला नाही.